उकळलेली नळी

सरांनी उभ्या आयुष्यात कुणाची साधी सर्दी बरी केलेली नव्हती, तरी नात्यागोत्यात त्यांना सगळे वैद्यबुवाच म्हणत. औषधी झाडांवर काम करतो म्हटल्यावर लोकांना वाटायचं, याच्या खिशात पाल्याच्या पुड्या असणारच. मावशीचे गुडघे, मेव्हण्याचं टक्कल, शेजारच्या कुत्र्याची खाज, सगळं त्यांच्या दारात यायचं. सर सांगून सांगून दमले की बाबांनो, मी औषध देत नाही, झाड औषध कसं बनवतं ते बघतो. त्यावर मेव्हणा म्हणायचा, बघून झालं की कळवा. ते बघणं गेली कित्येक वर्षं चाललं होतं आणि टक्कल होतं तिथेच होतं.

सर ज्या झाडाकडे बघत होते ते एक काटेरी, कुरूप झुडूप होतं. त्याच्या मुळात एक जहाल कडू पदार्थ तयार होतो आणि त्यापासून पोटातली कळ थांबवायचं औषध करतात. पण त्यासाठी अख्खं झुडूप मुळासकट उपटावं लागतं, आणि उपटलेलं झुडूप काही परत उभं राहत नाही. म्हणून सरांची प्रयोगशाळा शोधत होती की हा पदार्थ झुडूप बनवतं तरी कसं. बनवण्याचे टप्पे असतात, आणि दर टप्प्याला एक कामगार असतो. त्याला एन्झाइम म्हणायचं. शाळेच्या पुस्तकात त्याचंच नाव विकर होतं. एकाने एक तुकडा जोडायचा, दुसऱ्याने वाकवायचा, तिसऱ्याने त्याला शेपूट लावायचं. हे सगळे कामगार सापडले, की त्यांना यीस्टच्या पिंपात कामाला लावायचं आणि झुडपाला सुखाने जगू द्यायचं.

सगळे सापडलेही होते, फक्त शेवटचा सोडून. शेवटच्या टप्प्याआधीच्या पदार्थाला प्रयोगशाळेत सगळे ‘अर्धवट’ म्हणत आणि शेवटच्याला ‘कडू’. अर्धवटाचं कडू कोण करतं, एवढाच प्रश्न उरला होता. फ्रीजरमधल्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘अर्धवट’ असं लिहिलेलं होतं, आणि ती सरांच्या नावाच्या डब्यात होती. दार उघडलं की दर वेळी सरांच्या मनात यायचं, हे नक्की बाटलीबद्दलच लिहिलंय ना? पण विचारायचं धाडस त्यांना कधी झालं नाही.

हा शेवटचा कामगार शोधायचं काम मुंगीकडे होतं. मुंगी म्हणजे सरांची संशोधन करणारी विद्यार्थिनी. ती कायम काहीतरी उचलून कुठेतरी नेत असायची आणि कुणी आडवं आलं तर वळसा घालून पुढे जायची, म्हणून हे नाव. घरी तिच्या वडिलांचं रंगाचं दुकान होतं आणि गल्ल्यावर बसायला माणूस हवा होता. तिने त्यांच्याशी भांडून मुदत मागून घेतली होती. एन्झाइम सापडलं तर पदवी, नाहीतर गल्ला. हे तिने सरांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, आणि सरांनी मोठ्या मनाने म्हटलं होतं, अगं, मी आहे ना.

हेच तर दुखणं होतं.

मुंगीने थंडीत कुडकुडत मुळ्या कुटल्या, रस काढला, त्यातला मूळचा कडूपणा धुऊन धुऊन काढला आणि उरलेल्या रसात अर्धवट घातलं. रसात कामगार असेल तर कडू तयार व्हायला हवं. झालं! पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर रेघ वर चढली आणि कडूची टेकडी उभी राहिली. मुंगी खुर्चीवरून उठून जागच्या जागी दोनदा फिरली. पण अशा कामात ताळा करून बघावा लागतो. तोच रस आधी खळखळून उकळायचा, म्हणजे त्यातले कामगार मरतात, अंड्याचं होतं तसं. मग त्यात अर्धवट घालायचं. आता मेलेले कामगार काम करणार नाहीत, टेकडी येणार नाही. मुंगीने उकळलेली नळी लावली आणि टेकडी आली. तेवढीच उंच, तश्शीच गुबगुबीत.

म्हणजे कामगार मेले तरी काम होतंय. सर रात्रभर... छे, रात्रभर कसले, सर गाढ झोपले आणि सकाळी दाढी करताना त्यांना साक्षात्कार झाला. शेवटच्या टप्प्याला कामगारच नाही! अर्धवटाचं कडू आपोआप होतं! इतकी वर्षं जगभरातली शहाणी माणसं ज्याला शोधत होती तो मुळात नाहीच, हे ओळखणारा पहिला माणूस आरशात उभा होता, अर्ध्या गालाला फेस लावून. सरांना तो चक्क देखणा वाटला.

मुंगीला ते पटलं नाही. ती म्हणाली, आपोआप होतं तर बाटलीतलं अर्धवट इतके दिवस अर्धवट कसं राहिलं? सर म्हणाले, ते कोरडं आहे आणि थंडीत आहे, पाण्यात पडलं की होतं. मग ती म्हणाली, एक नळी अगदी रिकामी लावून बघू का, रसच नाही, नुसतं पाणी आणि अर्धवट? सरांनी नकारार्थी मान हलवली. अर्धवट जेमतेम एका खेपेपुरतं उरलं होतं. नवं काढायचं तर पुन्हा झुडपं वाढवा, उपटा, कुटा. त्यात वर्ष जाणार. आणि उकळलेली नळी काय नि रिकामी नळी काय, सारखंच. हे वाक्य त्यांनी इतक्या मायेने उच्चारलं की मुंगीला पुढे बोलताच आलं नाही.

त्यांनी तिची समजूतही घातली. तुझं काही चुकलं नाही, नसलेली गोष्ट सापडत नाही, एवढंच. मुंगी हो म्हणाली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी कॉरिडॉरमधून गेली. ते बघून सरांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटता वाटता ते भाषणाची तयारीही करत होते. लवकरच आढावा समिती येणार होती. संस्थेचे मोठे साहेब आणि बाहेरून एक पाहुण्या बाई. ‘आपोआप’ हा सिद्धांत त्यांच्यासमोर मांडायचा, उरलेलं अर्धवट उकळलेल्या रसात घालून टेकडी उभी करून दाखवायची आणि टाळ्या घ्यायच्या. मुंगीचा विषय त्याच दिवशी बंद होणार होता, कारण शोधायला काही उरणारच नव्हतं.

आपोआपचं खूळ एकदा डोक्यात शिरलं की मग ते सगळीकडे दिसायला लागतं. त्याच सुमारास सरांच्या बायकोला सणकून ताप आला. तिचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांचे डोळे आणि भिंगं सांभाळून ती घरी येई आणि मग घर सांभाळी. ती आजारी म्हटल्यावर सर धास्तावले. आता घराचं कसं होणार? घरात ते, ती आणि सरांचे वडील आबा. आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यांना ठरलेल्या वेळी थेंब टाकावे लागत. पण आश्चर्य म्हणजे काही झालंच नाही. टेबलावर जेवण होतं. कपाटात इस्त्रीचे कपडे होते. आबांच्या डोळ्यांत थेंब पडत होते. सर भारावून गेले आणि प्रयोगशाळेत येऊन सगळ्यांना म्हणाले, बघा, घरसुद्धा आपोआप चालतं, आपण उगाच ताण घेतो. मुंगीने हातातलं नळ्यांचं स्टँड जरा जोरात खाली ठेवलं. सरांना वाटलं, तिच्या हातून सटकलं.

हाच विचार त्यांनी घरी बायकोलाही ऐकवला. ती नुकतीच तापातून उठली होती, अजून भिंतीला धरून चालत होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, बरं झालं सांगितलंत, मोठी ताई केव्हाची बोलावतेय, जरा जाऊन येते. आणि बॅग भरून ती गेलीसुद्धा. सर तिला सोडायला स्टेशनवर गेले, गाडी सुटताना हात हलवला, आणि निरागसपणे घरी आले.

पहिले एक-दोन दिवस घर जुन्या पुण्याईवर चाललं. मग केराचा डबा भरला आणि तो रिकामा होईना. दूध नासलं, म्हणून सरांनी नवं आणलं आणि ते गॅसवर ठेवून विसरले. मोजे संपले. मोजे संपू शकतात हे सरांना माहीतच नव्हतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे मोजे कपाटात उगवत असत. धुण्याच्या यंत्रापुढे ते बराच वेळ उभे राहिले. प्रयोगशाळेत याच्या दसपट बटणांची यंत्रं ते चालवत, पण इथे साबण कोणत्या कप्प्यात घालायचा ते त्यांना समजेना. शेवटी त्यांनी तो तिन्ही कप्प्यांत घातला आणि फेस बाहेर येऊन पार दारापर्यंत गेला.

आणि आबा. आबा कधी तक्रार करत नसत, ते फक्त निरीक्षण नोंदवत. आढाव्याच्या दिवशी सकाळी सर बूट घालून, भाषणाचे कागद बगलेत मारून निघाले, तर आबा खुर्चीत मान मागे टाकून, तोंड वर करून बसलेले.

“काय झालं आबा?”

“काही नाही. थेंबांची वाट बघतोय.”

सर चरकले. काल संध्याकाळी टाकले होते का? परवा? त्यांना आठवेना. डोळा लालसर दिसत होता. त्यांनी कागद ठेवले, बाटली शोधली, आबांची पापणी वर धरली आणि पहिला थेंब आबांच्या नाकावर टाकला.

“माफ करा आबा. राहूनच गेलं. मला वाटलं होतं... म्हणजे ती आजारी होती तेव्हासुद्धा कधी चुकलं नाही ना.”

“तेव्हा ती होती ना, बाळ्या,” आबा म्हणाले. “ताप होता, पण होती. उठायची, भिंत धरून यायची, थेंब टाकायची आणि परत जाऊन पडायची. आता ती नाहीये. ताप असणं वेगळं नि नसणं वेगळं.”

दुसरा थेंब आबांच्या कानात गेला, कारण सरांचा हात भलतीकडेच थांबला होता आणि बाटली मात्र गळत होती.

ताप होता, पण होती. उकळलेली होती, पण नळीत होती! सर धपकन स्टुलावर बसले. रस उकळला म्हणजे आतले सगळे मेले, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? एखादा चिवट निघाला असेल. उकळून, होरपळून, भिंत धरून पुन्हा उभा राहिला असेल आणि मुकाट्याने कामाला लागला असेल. आणि आपण टेकडी बघून म्हणालो, वा, आपोआप. मुंगी रिकामी नळी मागत होती. त्या पोरीने अगदी बरोबर तेच मागितलं होतं, आणि आपण तिला मायेने गप्प केलं. सरांना स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले. उरलेले थेंब त्यांनी नीट, डोळ्यांतच टाकले, आणि कागद तिथेच विसरून ते पळाले.

प्रयोगशाळेत मुंगी तयारच होती. यंत्र सुरू होतं, उकळलेला रस बर्फात ठेवलेला होता, शेजारी अर्धवटाची शेवटची बाटली. तिच्या टेबलावरचं सामान खोक्यात भरलेलं होतं; वरती तिचा कप उलटा ठेवलेला. सर धापा टाकत आले, दार लावून घेतलं आणि जे सुचलं ते एका दमात सांगितलं, त्यात थेंब, मोजे, बायको, ताप सगळं आलं. आपण काहीतरी अफाट सांगतोय अशा आवेशात ते हात हलवत होते. मुंगीने सगळं ऐकून घेतलं.

“सर, मी हेच म्हणत होते,” ती म्हणाली. “मोजे सोडून.”

“हो. म्हणत होतीस. मी ऐकलं नाही. माझी चूक झाली. आता एकाच खेपेपुरतं आहे. रिकामी नळी लावायची का? टेकडी आली नाही तर तुझा कामगार त्या रसात जिवंत आहे. पण आली, तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तुझा विषय संपला. नको असेल तर मी आढावाच पुढे ढकलायला सांगतो, काहीही सांगतो. आजारी पडतो.”

मुंगीने बाटली उचलून हातात घेतली. मग तिने विचारलं, “आणि टेकडी नाही आली तर तुमचं काय? तुम्ही साहेबांना सिद्धांत कळवून बसलायत.”

“माझं जे व्हायचं ते आपोआप होईल,” सर म्हणाले.

मुंगीला हसू आलं. ते आलं आणि लगेच तिचे डोळे भरले, म्हणून ती वळून हातमोजे शोधायला लागली. “लावा,” ती म्हणाली. “नाही, थांबा. मीच लावते.”

मोठे साहेब आणि पाहुण्या बाई आल्या तेव्हा सर भाषण करणार अशी सगळ्यांची समजूत होती. सरांनी सांगितलं की भाषण घरी राहिलं, आणि खरं तर ते तिथेच बरं आहे. आज उकळलेली नळी लावायची होती, पण आम्ही रिकामी लावतोय. टेकडी आली तर मी बरोबर, नाही आली तर ही मुलगी बरोबर. मोठ्या साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी वरपर्यंत कळवून ठेवलं होतं की आपल्या संस्थेत एक सिद्धांत जन्माला आलाय. पाहुण्या बाई मात्र खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या.

यंत्राला वेळ लागतो. रेघ पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकते आणि कडूची जागा बरीच उजवीकडे असते. तोपर्यंत काय करायचं कुणालाच कळेना. मोठ्या साहेबांनी हवापाण्याबद्दल दोन वाक्यं टाकून पाहिली, ती कुणी उचलली नाहीत. सर मनातल्या मनात म्हणत होते, येऊ नकोस, येऊ नकोस. उभ्या आयुष्यात आपण चुकावं म्हणून त्यांनी इतक्या कळकळीने कधी काही मागितलं नव्हतं. आणि तरी, लाज सोडून सांगायचं तर, आत कुठेतरी एक बारीक आवाज म्हणत होता, आली तर टाळ्या मिळतील. सरांनी त्या आवाजाला मनातच एक चापट मारली.

रेघ कडूच्या जागेपाशी आली. मुंगीने सरांची बाही घट्ट धरली होती. आपण धरलीय हे तिला माहीतही नव्हतं. रेघ त्या जागेवरून गेली. सपाट. पुढे गेली. अजून सपाट.

“यंत्र बिघडलंय का?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“यंत्र ठीक आहे,” पाहुण्या बाई म्हणाल्या. “ते बघा अर्धवट, जसंच्या तसं आहे. ह्यांचा सिद्धांत गेला.”

“गेला,” सर म्हणाले, आणि इतके खुलले की मोठ्या साहेबांनी त्यांच्याकडे काळजीने पाहिलं.

पाहुण्या बाईंनी खुर्ची मुंगीकडे वळवली आणि सरळ कामाचं विचारलं. उकळल्यावरही टिकणारं एन्झाइम म्हणजे पकडायला उलट सोपं. उकळून बाकीचा गाळ खाली बसवायचा, जो वर तरंगत राहील तो तुझा. किती मुदत लागेल? झुडपं वाढायला एक वर्ष, असं मुंगी कसंबसं म्हणाली. बाई म्हणाल्या, मग एक वर्ष लिहा, साहेब. साहेबांनी नाइलाजाने मान डोलावली. ती मंडळी गेल्यावर मुंगी खोक्यापाशी गेली, वरचा कप काढून सुलटा ठेवला, आणि मग टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखी रडली. सर शेजारी उभे राहिले. या वेळी त्यांनी काहीही समजावून सांगितलं नाही, आणि त्यांना ते बरंच जड गेलं.

बायको परत आली त्या संध्याकाळी सरांनी तिला सगळी हकिकत रंगवून सांगितली. तिला ती स्वतःची तारीफच वाटेल अशी त्यांची खात्री होती. तिने बॅग रिकामी करता करता ऐकलं.

“म्हणजे मी तापात असताना तुम्हाला कळलं नाही, गेले तेव्हा कळलं.”

“हो.”

“आणि त्या मुलीला आधीपासून कळत होतं.”

“हो.”

“मग तुम्ही नक्की काय शोधलंत?”

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. धुण्याच्या यंत्रात साबण मधल्या कप्प्यात घालतात, हे त्यांनी शोधलं होतं. ते त्यांनी सांगितलं. बॅग रिकामी करायचा तिचा वेग जरा मंदावला.

मग घड्याळ बघून ती सवयीने उठली, फडताळावरची थेंबांची बाटली घेतली आणि आबांच्या खोलीत गेली. सर मागोमाग गेले. आता आबा सांगणार याची ते वाटच बघत होते. आढाव्याच्या दिवसापासून एकही वेळ चुकली नव्हती. लाली गेली होती, नाकावर एकही थेंब पडत नव्हता.

“झाले थेंब आजचे,” आबा म्हणाले.

“झाले?” तिने बाटली उजेडात धरून बघितली. “टाकले कुणी?”

सरांनी घसा साफ केला. छाती थोडी पुढे आली. पण आबांनी मान मागे टाकली, दोन्ही डोळे मिटले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले,

“आपोआप पडले.”

सरांचं तोंड उघडलं तसंच राहिलं. काय लागलं ते बरोबर छातीत! एवढ्याशा दोन थेंबांचं एवढं लागावं? मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने पदराआड हसू दाबलं होतं, पण ती त्यांच्याचकडे बघत होती, आणि लागलंय ते तिला दिसत होतं. सर तोंड मिटून स्वयंपाकघरात गेले. केराचा डबा भरलेला होता. त्यांनी तो उचलला आणि कुणाला न सांगता खाली नेऊन रिकामा केला.